घरच्या जुन्या रेडिओचा जीर्णोद्धार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर बहुधा थोर विषयांचा ऊहापोह होत असतो. राज्यकारभार, अर्थकारण, संतवाङ्मय, इतिहास अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीला ‘घरच्या जुन्या रेडिओचा जीर्णोद्धार’ हा विषय येऊन बसला म्हणजे थोडे अवघडल्यासारखे होते. तरीही चालकांनी तो मान्य केला याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. उपनगरांतील आपल्या घरांत आज जी एक गोष्ट मुकाट्याने घडत आहे, तिचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. तो उलगडून दाखविता आला तर आजचा आपला वेळ वाया गेला असे होणार नाही.

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजला आहे. गावोगावच्या जुन्या देवळांची गत आपण पाहतोच. काही ठिकाणी शिखरावर पिंपळ उगवतो, मुळे दगडांत शिरतात आणि देऊळ खचते. काही ठिकाणी भाविक मंडळी वर्गणी काढतात, काळ्या पाषाणाच्या खांबांना गुलाबी तैलरंग फासतात आणि गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसवतात. पहिल्या ठिकाणी देऊळ दुर्लक्षाने जाते, दुसऱ्या ठिकाणी प्रेमाने जाते. जाते मात्र दोन्ही ठिकाणी. जुन्या वस्तूला तिचे काम पुन्हा करता यावे आणि तरीही तिच्या अंगावरचा इतिहास पुसला जाऊ नये, ही मधली वाट अवघड असते. ती वाट घरच्या एका लाकडी पेटीच्या निमित्ताने कशी चालता येते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम ही पेटी आपल्या घरांत आली कशी ते थोडक्यात पाहू. मुंबईत ध्वनिक्षेपणाचे पहिले प्रयोग १९२३ साली येथील रेडिओ क्लबाच्या हौशी मंडळींनी केले. पुढे २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. कंपनी तीन वर्षांत बुडाली, १९३० मध्ये सरकारने तो कारभार आपल्याकडे घेतला आणि ८ जून १९३६ रोजी त्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. त्या काळी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही शहराबाहेरची गावे होती. उपनगरांना वीज पुरविणारी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनीच मुळी १९२९ सालची. १९५० मध्ये शहराची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. म्हणजे उपनगरांचे शहर होणे आणि उपनगरांतील मध्यमवर्गीय घरात रेडिओ येणे, या दोन गोष्टी जवळजवळ हातात हात घालूनच झाल्या.

त्या दिवसांत रेडिओ ही चैन होती. तो घेण्यापूर्वी महिनेच्या महिने बेत चालत, आणि घेतल्यावर टपाल कचेरीत जाऊन दरसाल परवान्याचे शुल्क भरावे लागे. ठाण्याला मर्फीचा कारखाना होता. नॅशनल-एको, बुश, फिलिप्स ही नावे घरोघरी झाली होती. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून माडगूळकर आणि फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्यामागून आठवडे सादर झाले, तेव्हा ज्या घरी रेडिओ त्या घरी सारी चाळ, असा प्रकार होता. मुंबई केंद्राची ‘वनिता मंडळ’, ‘कामगार सभा’, ‘आपली आवड’ ही नावे ज्येष्ठ श्रोत्यांना आजही तोंडपाठ असतील. केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी १९५२ नंतर चित्रपटगीतांना आकाशवाणीवर आडकाठी केली, तेव्हा घरोघरचे काटे लघुलहरींवर सिलोनकडे वळले. त्या ओढीला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ जन्मास आली. तीच विविध भारती पुढे आपल्या बोरिवलीच्या गोराईत राहावयास आली, ही उपनगरवासीयांनी अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. साठीच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्वचे मोठे रेडिओ हळूहळू कपाटावर, मग पोटमाळ्यावर, मग पलंगाखाली गेले. ते अजूनही पुष्कळ घरांत तेथेच आहेत.

आता पेटीच्या आत डोकावू. मागचा पुठ्ठा काढला की पत्र्याच्या बैठकीवर काचेच्या चार-पाच नळ्या उभ्या दिसतात. हेच व्हॉल्व. प्रत्येकाच्या काचेवर काही अक्षरे असतात आणि ती अक्षरे म्हणजे त्या व्हॉल्वची जणू कुंडलीच असते. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर ‘ई’ असेल तर त्याच्या तापतंतूला ६.३ व्होल्ट लागतात. ‘यू’ असेल तर १०० मिलिअँपिअरचा प्रवाह लागतो. पुढची अक्षरे काम सांगतात. ‘ईसीएच ८१’ हा दारावर उभा राहून स्थानक निवडणारा, ‘ईएल ८४’ हा कर्ण्याला जोर देणारा, ‘ईझेड ८०’ हा घरची उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेस वळविणारा. ही अक्षरे एकदा समजली की रेडिओ न उघडताही त्याच्या प्रकृतीविषयी निम्मे कळते.

स्थानक निवडण्याची युक्ती तर फारच सुंदर आहे. अमेरिकेचे आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये ती काढली. हवेत एकाच वेळी अनेक स्थानकांच्या लहरी असतात. त्या प्रत्येकीसाठी वेगळी चाळणी ठेवणे शक्य नाही. म्हणून रेडिओ स्वतःच आत एक लहर निर्माण करतो आणि ती बाहेरून आलेल्या लहरीत मिसळतो. दोहोंतील फरक नेहमी एकच राहील अशी योजना असते. आकाशवाणी मुंबईचे ५५८ किलोहर्ट्झचे केंद्र लावावयाचे तर रेडिओ आत १०१३ ची लहर तयार करतो. १०४४ चे केंद्र लावावयाचे तर १४९९ ची. दोन्ही वेळा फरक ४५५ च. मग आतील सारी चाळणी केवळ त्या ४५५ साठी काटेकोर बसविली की काम झाले. तुम्ही बटण फिरविता तेव्हा फिरते ती ही आतली लहर. ज्याने एकदा हे समजून घेतले त्याला ही पेटी निर्जीव वाटेनाशी होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जुना रेडिओ माळ्यावरून खाली काढला की प्रत्येकाला एकच मोह होतो: लावून तर पाहू, लागतो का! श्रोतेहो, हा मोह आवरणे ही या कामातील पहिली पायरी आहे. कारण असे. या यंत्रात ॲल्युमिनियमच्या डब्यांतील मोठे कंडेन्सर असतात. त्यांच्या आत धातूच्या पत्र्यावर एक अतिशय पातळ थर असतो आणि तो थर विजेच्या दाबानेच टिकून राहतो. वीस-तीस वर्षे वीज मिळाली नाही की तो थर विरतो. अशा कंडेन्सरवर एकाएकी अडीचशे व्होल्ट सोडले तर तो वीज अडविण्याऐवजी सरळ वाहू देतो, तापतो, फुटतो, आणि जाता जाता ट्रान्सफॉर्मरही जाळून जातो. ट्रान्सफॉर्मर गेला म्हणजे पुन्हा तारा गुंडाळून घेणे आले, आणि ते काम करणारे कारागीर आज मोजकेच उरले आहेत. चाळीस वर्षे स्वस्थ पडून राहिलेला रेडिओ अशा रीतीने आपल्या उत्साहापायी दोन मिनिटांत कायमचा मरतो.

म्हणून आपल्याकडील जुन्या वायरमनांची युक्ती वापरावी. त्यांच्याजवळ ‘सिरीजचा दिवा’ असे. रेडिओ आणि भिंतीतील वीज यांच्यामध्ये साठ वॅटचा तारेचा बल्ब असा जोडावा की सारी वीज त्या बल्बातून जाऊनच रेडिओला पोहोचेल. रेडिओ निरोगी असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मग मंद होतो. आत कोठे वीज थेट वाहत असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटून राहतो आणि रेडिओ वाचतो. आजच्या एलईडी दिव्याचा या कामी काही उपयोग नाही. जुना तारेचा बल्बच हवा. दुकानात तो आता शोधावा लागतो, पण एक मिळवून जपून ठेवावा.

वीज लावण्याआधी मात्र पाहणी आणि साफसफाई. मुंबईची हवा या यंत्रांना मानवत नाही. चार महिने पाऊस, बारा महिने खाडीचा दमटपणा. तांब्याच्या बारीक तारांवर हिरवा गंज चढतो, कर्ण्यापुढच्या कापडावर बुरशी धरते, पेटीवरील लाकडाचा पातळ पापुद्रा कडेने उचलला जातो. झुरळांना ही उबदार जागा विशेष आवडते. कोरड्या, मऊ ब्रशने धूळ काढावी. ओला फडका आत नेऊ नये. जे काही काढाल त्याचे आधी छायाचित्र घ्यावे. विशेषतः काट्याची दोरी. बटणापासून चाकापर्यंत ती दोरी किती फेरे घेऊन, कोठून वळून जाते, हे कागदावर काढून ठेवल्याशिवाय तिला हात लावू नये. ती सुटली की पुन्हा ओवण्यात रविवार जातो.

आणि एक इशारा. समोरच्या काचेवर जे आकडे आणि गावांची नावे असतात ती काचेच्या मागच्या बाजूस रंगाने छापलेली असतात. वर्षांनुवर्षांत तो रंग सैल झालेला असतो. पाण्याचा बोळा किंवा स्पिरिट लावून मागून पुसले की मुंबई, दिल्ली, कोलंबो, लंडन सारी गावे फडक्यावर येतात. ती पुन्हा मिळत नाहीत. काच पुढून पुसावी. मागून केवळ कोरड्या ब्रशने धूळ उडवावी.

पुढची पायरी कंडेन्सरांची. मेण लावलेल्या कागदाचे जे लांबट कंडेन्सर असतात ते दमट हवेने गळके होतात. त्यांतील एकाचे महत्त्व फार आहे. शेवटच्या, म्हणजे कर्ण्याला जोर देणाऱ्या व्हॉल्वच्या आधी तो असतो. त्याने आवाज पुढे जाऊ द्यावयाचा आणि विजेचा स्थिर दाब अडवून धरावयाचा. तो गळू लागला की त्या व्हॉल्वचा लगाम सुटतो. व्हॉल्व प्रमाणाबाहेर वीज ओढतो, लालबुंद होतो, आणि स्वतःबरोबर कर्ण्याचा ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, त्याच मापाचा ६३० व्होल्टचा नवा पॉलिएस्टर कंडेन्सर अल्प किमतीत मिळतो. व्हॉल्व चोरबाजारात शोधावे लागतील, परंतु ते सहसा आपण समजतो तितक्या लवकर जात नाहीत. रेडिओ मुका झाला की लोक व्हॉल्ववर संशय घेतात; खरा दोषी बहुतेक वेळा चार आण्यांचा कंडेन्सर असतो. मोठे कंडेन्सर सुकले असतील तर आवाजात भुंग्यासारखी गुणगुण येते. तेही बदलावे लागतात.

आतील छोट्या स्क्रूंना मात्र हात लावू नये. ते कारखान्यात मोजून बसवलेले असतात. आवाज बारीक आहे म्हणून ते फिरवून पाहणे म्हणजे सतारीची तार बसली म्हणून सगळ्या खुंट्या पिळण्यासारखे आहे.

सुरक्षिततेविषयी चार शब्द सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. या यंत्रात अडीचशे व्होल्टांच्या आसपास एकदिशा वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती कंडेन्सरांत साचून राहते. ती रेझिस्टन्समधून सावकाश उतरवूनच हात घालावा. मोजमाप करताना एक हात खिशात ठेवावा आणि घरात दुसरे माणूस असताना काम करावे. ‘यू’ अक्षराच्या व्हॉल्वचे जे रेडिओ असतात ते अधिक दगाबाज. त्यांना ट्रान्सफॉर्मर नसतो. दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसारखे सगळे तापतंतू एकापुढे एक जोडलेले असतात, आणि आतील पत्र्याची बैठक थेट घरच्या विजेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर संपूर्ण पत्रा जिवंत होतो. ज्यांना विजेचे काम ठाऊक नाही त्यांनी अशा रेडिओची पेटी आणि काच स्वच्छ करावी, पत्र्याला मात्र जाणकारालाच हात लावू द्यावा. यात कमीपणा काही नाही.

इथवर झाले ते यंत्राचे. आता जो खरा वादाचा मुद्दा आहे त्याकडे येऊ. कोठवर दुरुस्त करावयाचे?

मुलुंडच्या एका कुटुंबाने आमच्याकडे एक पाच व्हॉल्वचा रेडिओ आणून दिला होता. इमारत पुनर्विकासाला जाणार होती. दोन-तीन वर्षे भाड्याच्या जागेत काढावयाची, सामान कमी करणे भाग होते. चिरंजीवांची इच्छा अशी की वडिलांची आठवण आहे, तेव्हा नवे पॉलिश करून, काच लखलखीत करून, आत आजचे ब्लूटूथ बसवून द्यावे. रेडिओ उघडला तेव्हा पूर्वी कोणा कारागिराने उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार पिळून ठेवलेली दिसली. फ्यूज का उडाला हे शोधण्यापेक्षा तो उडणारच नाही अशी व्यवस्था त्याने केली होती. मूळ गळका कंडेन्सर तसाच होता. ती तार काढली, कंडेन्सर बदलला, योग्य मापाचा फ्यूज घातला. तेवढ्यात लाकडी चौकटीवर, काचेच्या खालच्या कडेला, पेन्सिलीच्या दोन बारीक रेघा दिसल्या. एकीवर फुली मारलेली, दुसरी तिच्यापासून दोन केसांइतकी सरकलेली.

“काका, ती घाण तेवढी पॉलिशच्या आधी घासून टाका,” चिरंजीव म्हणाले.

त्यांच्या मातोश्री सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “नको हो. ह्यांनी मुंबईची खूण केली होती ती. सकाळी बातम्या चुकू नयेत म्हणून. मग एकदा स्टेशन सरकलं म्हणून दुसरी केली.”

“आई, स्टेशन कसं सरकेल? काटा सरकला असेल.”

आजींचे म्हणणे खरे असण्याचा बराच संभव आहे. १९७५ साली जिनिव्हा येथे झालेल्या करारान्वये आपल्या खंडासह जगाच्या मोठ्या भागातील मध्यमलहरींच्या स्थानकांची नव्याने मांडणी झाली आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून ती अंमलात आली. सर्व स्थानके नऊच्या पटीत बसविण्यात आली. पाहा: ५५८ म्हणजे नऊ बासष्टे, १०४४ म्हणजे नऊ गुणिले ११६, विविध भारतीचे ११८८ म्हणजे नऊ गुणिले १३२. जिनिव्हात झालेल्या निर्णयाची नोंद मुलुंडच्या एका गृहस्थाने पेन्सिलीने आपल्या रेडिओवर करून ठेवली असावी, आणि ती नोंद सँडपेपरच्या चार फेऱ्यांत नाहीशी होणार होती. ती रेघ राहिली. दोरी नव्याने ओवल्यावर काटा कोठे बसवावा हे ठरविताना तिचाच आधार झाला.

यावरून आम्ही काही नियम बांधले आहेत, ते आपल्यापुढे ठेवतो. जे झिजल्याने यंत्र चालत नाही वा धोका होतो, तेवढे बदलावे. जे केवळ जुने दिसते ते राहू द्यावे. पेटीचे पॉलिश गेले असेल तर चपडा लाख आणि स्पिरिट यांचा हलका हात द्यावा. आपल्या सुतारांचे हे जुने फ्रेंच पॉलिश पुढे कोणाला काढावयाचे झाल्यास स्पिरिटनेच निघते. प्लॅस्टिकचे रोगण लावले तर तो मार्ग बंद होतो. जुन्या कंडेन्सरचा डबा जागेवर ठेवून नवा कंडेन्सर त्याच्या पोटात बसविता येतो, म्हणजे आतले रूप पालटत नाही. जे काढाल ते एका पिशवीत घालून पेटीतच ठेवावे. आणि काय बदलले, कोणत्या तारखेस, हे एका कागदावर लिहून मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवावे. पुढे जो कोणी ही पेटी उघडील त्याला आपण काय केले ते कळले पाहिजे.

अशी शिस्त अन्य देशांतही हौशी मंडळी पाळतात. अमेरिकेत शिकागोच्या कारखान्यांतून निघालेले पिनबॉलचे जुने खेळ लोक घरी आणून दुरुस्त करतात. आपल्या घरांत खिळ्यांचा जो बागाटेलचा लाकडी पाट असे, त्याचाच हा विजेवर चालणारा भाऊबंद. गॉटलीब कंपनीने १९४७ साली त्याला चेंडू परतविणारे दोन्ही बाजूंचे हात बसविले, तेव्हापासून तो केवळ नशिबाचा खेळ राहिला नाही. त्या यंत्रांतही शेकडो संपर्कपट्ट्या आणि वेटोळी असतात, आणि तेथील जाणकारही हेच सांगतात: आधी नकाशा वाचा, फ्यूज मोठा घालू नका, रंगविलेली काच मागून पुसू नका. यंत्र वेगळे, देश वेगळा. जुन्या वस्तूशी वागण्याची रीत मात्र एकच निघाली.

ब्लूटूथविषयी आमचे मत विचाराल तर ते असे. पेटीतले सारे काढून आत आजचे यंत्र बसविणे सोपे आहे आणि त्यातून गाणेही स्वच्छ येते. पण मग ती पेटी रेडिओ राहत नाही. रेडिओच्या आकाराची पेटी होते. ज्यांना मोबाइलवरची गाणी त्यातून हवी असतील त्यांच्या रेडिओस मागे ग्रामोफोनसाठी ठेवलेली भोके पाहावीत. बहुतेक जुन्या रेडिओंना ती असतात. ट्रान्सफॉर्मर असलेल्या रेडिओत त्या वाटेने, आतला एकही टाका न सोडता, आजचे गाणे कालच्या व्हॉल्वमधून ऐकता येते. मूळ वस्तू न मोडता नवी सोय होत असेल तर तिला कोणाची हरकत असावी?

आता ज्या गोष्टीचा आम्ही प्रारंभी उल्लेख केला तिच्याकडे येतो. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, कोठेही जा. जुन्या इमारती पाडून मनोरे उभे राहत आहेत. त्याविषयी तक्रार नाही. गळक्या छताखाली कोणी राहावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु प्रत्येक इमारत रिकामी होताना माळे रिकामे होतात. भंगारवाला रेडिओ वजनावर घेतो, ट्रान्सफॉर्मरमधील तांबे काढतो, बाकीचे टाकून देतो. पन्नास वर्षे जपलेली वस्तू अर्ध्या तासात अशी जाते. त्याच सुमारास ज्यांना ही यंत्रे कळतात ते कारागीर वृद्ध होऊन निवृत्त होत आहेत. म्हणजे वस्तू आणि विद्या दोन्ही एकाच वेळी हातची जात आहेत.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. रेडिओ दुरुस्त केला, पण हवेत काही नसेल तर? बीबीसीची लघुलहरींवरील हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी थांबली. आकाशवाणीचीही लघुलहरींची आणि मध्यमलहरींची अनेक प्रक्षेपके गेल्या काही वर्षांत बंद झाली. एफएम आले, मोबाइल आला, आणि पैशाचा हिशेब पाहता त्यात आश्चर्यही नाही. परंतु आमच्या व्हॉल्वच्या रेडिओंना एफएम ऐकू येत नाही. त्यांना मध्यमलहरीच हव्यात. म्हणून घरातल्या यंत्राचा जीर्णोद्धार त्या यंत्रापाशीच संपत नाही. मध्यमलहरींचे केंद्र चालू राहावे असे वाटत असेल तर ते ऐकले पाहिजे, ऐकतो हे पत्राने कळविले पाहिजे. ज्या देवळात कोणी जात नाही त्याचा दिवा कोणी लावीत नाही.

मग आपण करावे काय? आमच्या सूचना साध्या आहेत. घर रिकामे करण्यापूर्वी रेडिओ भंगारात देऊ नका. जाणत्याला एकदा दाखवा. परवान्याचे पुस्तक, दुकानाची पावती, आतला नकाशा यांपैकी काही असेल तर ते पेटीतच ठेवा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तो कधी घेतला, काय ऐकत होतो, कोण कोण ऐकावयास येत, हे चार ओळींत लिहून ठेवा. उपनगरांतील वाचनालयांनी आणि शाळांनी एखादा चालू स्थितीतील रेडिओ ठेवून मुलांना तो उघडून दाखवावा. बंद काचेच्या मोबाइलमध्ये मुलांना काहीच दिसत नाही. येथे मात्र बटण फिरविले की दोरी कशी हलते, कंडेन्सरची पाने कशी एकमेकांत शिरतात, व्हॉल्व कसा हळूहळू लालसर होतो, हे त्यांना डोळ्यांनी पाहता येईल. आणि ज्यांना हौस आहे त्यांनी या उन्हाळ्यातच काम हाती घ्यावे. हवा पावसाळ्याच्या मानाने कोरडी असते, लाकूड आणि तारा वाळलेल्या असतात. पाऊस सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा तास-दोन तास रेडिओ लावीत जावा. व्हॉल्वच्या उबेने आतला दमटपणा निघून जातो.

मुलुंडचा तो रेडिओ पूर्ण झाला तेव्हा खिडकीपासून खिडकीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरिअल बांधून तो लावून पाहिला. जवळपासच्या चार्जरांची आणि दिव्यांची खरखर बरीच होती. एकेक बंद करीत गेलो तशी ती कमी झाली. काटा दुसऱ्या रेघेवर आला आणि मराठी निवेदन ऐकू आले. आजींनी आवाज थोडा कमी करावयास सांगितला, कारण शेजाऱ्यांना त्रास होईल. चिरंजीवांनी खुर्ची पुढे ओढली आणि ही दुसरी रेघ नक्की कोणत्या साली मारली असेल, असे त्यांनी आईला विचारले. भाड्याच्या जागेत तो रेडिओ आता त्यांच्याबरोबर गेला आहे.

 कोणाच्या माळ्यावर असा रेडिओ असेल, तर आजच घरी जाऊन त्याचा प्लग लावू नका, एवढीच विनंती पुन्हा करून आपली रजा घेतो.